जमालभाई अमरावतीला गेले तेव्हा

भोंगा लावलेली मोटार गावात फिरायला लागली त्याच्या आधी आमच्या गावाला एक तोंड होतं. ते जमालभाईंचं. उद्या नळ बंद राहणार, कुणाची लाल गाय हरवली, देवी टोचणारे डॉक्टर आले, कोण गेलं आणि माती किती वाजता निघणार, हे सगळं गावाला त्या एका तोंडातून कळायचं. मोठमोठे पुढारी गावात येऊन गेले, गळे काढून बोलून गेले, पण त्यांचं एकही वाक्य आज मला सांगता येणार नाही. जमालभाईंची गाईची डोंडी, म्हणजे दवंडी, मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. दुपारी जेवून डोळा लागला की कधीकधी ती ऐकू येते. मी उठून बसतो. सून आतून म्हणते, "बाबा, कुणी नाही." कुणी नाही हे मलाही ठाऊक असतं, पण उठल्याशिवाय राहवत नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. वर्ध्याहून मोटारीनं निघालं की हिंगणीच्या जंगलाच्या अलीकडे ते लागायचं, एवढं पुरे. तिथल्या नगरपालिकेत मी कारकून होतो. डोंडीचा मजकूर मी लिहायचा आणि जमालभाईंना वाचून दाखवायचा, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. ते माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, डोळे मिटायचे, डावा हात डाव्या कानावर धरायचे आणि मी दोनदा वाचलं की मान हलवून निघायचे. खुर्ची पुढे केली तरी बसत नसत.

"बसून आयकलं का बसून निंगते, बाबू," ते म्हणायचे. "उभ्यानं आयकलं का दूर जाते."

अंगानं काटकुळे, उंच, चालताना पुढे वाकलेले. अंगात पालिकेनं दिलेला खाकी सदरा, आणि हातात शाळेनं टाकून दिलेली तासाची पितळी थाळी. तिला एका कडेला चीर गेली होती. त्यामुळे टोला दिला की नाद सरळ निघत नसे, शेवटी खरखरत विरायचा. नवी थाळी घ्या म्हणून मी दोनचारदा सांगून पाहिलं.

"साऱ्यायच्या थाळ्या सारख्याच वाजतात," म्हणाले. "हे वाजली का लोकायले समजते, जमाल आला."

त्यांचा रस्ता ठरलेला असे. कचेरीपासून सुरुवात, मग बाजार, मग हनुमान चौक, सोनारआळी, नाल्यापलीकडची वस्ती, जिनिंगचं फाटक, आणि शेवट मशिदीपाशी, त्यांच्या स्वतःच्या घरासमोर. यातली एक जागा गाळायची नाही आणि मजकुरातला एक शब्द बदलायचा नाही, हे त्यांचे दोन नियम. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, नियम तोच. पहिल्या पहिल्यांदा मला हा हेका वाटायचा. नोकरी पालिकेची, आणि तोरा असा की जणू गाव यांनीच वसवलं आहे.

एका उन्हाळ्यात नळ बंद राहण्याची डोंडी होती. सोनारआळीत बायका घागरी घेऊन उभ्याच होत्या. नगराध्यक्ष त्यांना सापडत नव्हते, जमालभाई सापडले. त्या बायांनी जमालभाईंचा जो काही उद्धार केला तो ऐकायला अर्धा बाजार गोळा झाला. जमालभाईंनी डोळे मिटून, कानावर हात धरून सगळं ऐकून घेतलं. मग ते तसेच कचेरीत परत आले, थेट अध्यक्षांच्या खोलीत गेले, टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांनी थाळीवर टोला दिला.

"ऐका हो ऐका. सोनारआळीतल्या बायायनं अध्यक्षसाहेबायले कळवलं हाये का..."

पुढचं इथं लिहिता येत नाही. सुरुवात अध्यक्षांच्या आईपासून होती आणि शेवट त्यांच्या पोटाच्या घेरापाशी. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता.

"अरे, हे मले काऊन सांगून राह्यला?" अध्यक्ष लालेलाल झाले होते.

"डोंडी जाते तशी येते बी, साहेब," जमालभाई म्हणाले. "मी मंधात हाये फक्त."

संध्याकाळी सोनारआळीत पाण्याची टाकी घेऊन बैलबंडी गेली. अध्यक्षांनी जमालभाईंना कामावरून काढलं नाही, कारण काढलं हे गावाला कळवायला पुन्हा जमालभाईच लागले असते.

दुसरी गोष्ट छपन्न सालची. त्या दसऱ्याला नाल्यापलीकडची वस्ती पांढरे कपडे घालून नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन आली. आल्यावर त्यांनी गावात एक सभा ठेवली आणि तिची डोंडी मागितली. तसे हनुमान चौकातले काही प्रतिष्ठित कचेरीत आले. म्हणाले, डोंडी खुशाल द्या, पण त्यांची त्यांच्या वस्तीत द्या, इथं कशाला. मी तो निरोप जमालभाईंना सांगितला.

"मंग मंदिरातल्या भजनाची डोंडी मी तिकडं वस्तीत नाई देत का? देतोच ना?" ते म्हणाले. "अर्ध्या गावात देली तं ते डोंडी नाई राह्यली, बाबू. ते कुजबूज झाली."

ते गेले आणि हनुमान चौकात मधोमध उभे राहिले. डोळे मिटले, कानावर हात धरला, आणि सुरू केलं. अर्ध्यात कुणीतरी ढेकूळ मारलं. ते नेमकं थाळीवर बसलं आणि थाळी वाजली. जमालभाईंनी डोळे उघडले नाहीत. तो टोला आपणच दिला असं समजून त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. चौकात हसू फुटलं, मारणाराही हसला, आणि डोंडी पुरी झाली.

शेवटची जागा मशिदीपाशी म्हटलं, पण खरं म्हणजे तिच्याही पुढे एक जागा होती. ती फक्त त्या गल्लीतल्या लोकांना माहीत, आणि मी त्याच गल्लीत भाड्यानं राहायचो. गावाकडे तोंड करून डोंडी झाली की जमालभाई वळायचे. मागे कबरस्तानाची भिंत होती. त्या भिंतीकडे तोंड करून ते तोच मजकूर पुन्हा एकदा म्हणायचे, हळू आवाजात, थाळी न वाजवता. भिंतीपलीकडे त्यांची बायको होती, हमीदाबी. मी नवीन होतो तेव्हा एकदा चेष्टेनं विचारलं, "जमालभाई, त्यांना आता नळाच्या पाण्याचं काय?"

ते रागावले नाहीत. "तिले राग येते," म्हणाले. "जित्तेपनी तिची एकच तक्रार होती. साऱ्या गावाले सांगत फिरता, घरी येऊन मले काही सांगत नाई."

मी पुन्हा कधी ती चेष्टा केली नाही.

आता अमरावतीचं सांगतो. फाळणीनंतरच्या गडबडीत जमालभाईंच्या जावयानं कराचीचा रस्ता धरला. मुलगी एकुलती एक, त्यात पोटुशी. अब्बा, तुम्ही चला, म्हणून तिनं पाय धरले. जमालभाई गेले. वर्ष-दीड वर्ष पालिकेनं दुसरा माणूस ठेवून पाहिला. त्याचा आवाज चांगला होता, पण तो लाजायचा, आणि लाजणाऱ्याची डोंडी कुणी मनावर घेत नाही. मग एका बाजाराच्या दिवशी ती चिरलेली थाळी वाजली. मुलीचं बाळंतपण सुखरूप झालं होतं, नातू पावलं टाकायला लागला होता, आणि जमालभाई थोड्या मुदतीचा परवाना काढून बायकोच्या कबरीवर दिवा लावायला आले होते. मुदत संपली. ते परत गेले नाहीत. ठाण्यातल्या रामाजी हवालदारांना त्यांनी तेव्हा एवढंच सांगितलं, "तिकडं मानसं बहू हायेत, पन मी कोनाले सांगू?"

आमच्या गावाला एरवी चौकशीची हौस एवढी की पाहुण्याच्या पिशवीत काय आहे हे पाहुण्याच्या आधी गावाला कळायचं. पण त्या वेळी कुणी काही विचारलं नाही. कुणी बैठक घेतली नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि सगळ्या गावाचं एकच म्हणणं झालं की जमालभाई अमरावतीला बहिणीकडे गेले होते. त्यांना बहीण नव्हती. हेही सगळ्यांना माहीत होतं. पुढे पुढे लोक काळही त्यावर मोजू लागले. "जमालभाई अमरावतीले गेलते तवा आमच्या पोराचं लगन झालं," असं बाया सहज बोलायच्या. खुद्द रामाजी हवालदार, ज्यांचं कामच विचारपूस करायचं, ते चौकात थट्टा करायचे, "अमरावतीचं पानी मानवलं नाई वाट्टे तुमाले, जमालभाई."

फक्त जमालभाई स्वतः कधी अमरावती म्हणाले नाहीत. कुणी म्हटलं की ते थाळी पुसायला लागायचे. एकदा मी म्हणालो, "तुम्हीही म्हणत जा की. बिघडतं काय?"

"या तोंडानं गाव चालते, बाबू. एक डाव खोटं निंगालं, तं उद्या गाय हरपली म्हनलं तरी कोन इश्वास ठेवीन?"

छपन्नच्याच दिवाळीच्या सुमारास राज्य बदललं. आम्ही मध्यप्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. नागपूरची राजधानी गेली म्हणून हळहळणारे होते, वेगळा विदर्भ मागणारे होते, पेढे वाटणारेही होते. डोंडी अर्थातच जमालभाईंनी दिली. कचेरीत परत येऊन ते प्रथमच आपण होऊन माझ्यासमोर बसले, आणि हसले.

"मी तं निदान गाडीत बसून गेलतो," म्हणाले. "तुमी सारे अंथरुनावरूनच दुसऱ्या राज्यात गेले. तुमाले कोनी परवाना मांगतला काय?"

मला हसू आलं. त्या दिवशी ते हसण्यासारखंच होतं.

राज्य नवं झालं, पाठोपाठ निवडणूक आली, आणि तिकिटावरून पक्षाची दोन शकलं झाली. एकीकडे वकीलसाहेब. ते तरुणपणी सेवाग्रामला काही दिवस सूत कातून आले होते, आणि तो मुक्काम त्यांच्या भाषणात दर वर्षी थोडा लांबत जाई. माणूस दिलदार, गरिबांचे खटले फुकट चालवणारा, बोलायला उभा राहिला की मात्र स्वतःच्या आवाजात वाहून जाणारा. दुसरीकडे मालगुजार, गावचे जुने जमीनदार. मालगुजारी सरकारनं कधीच काढून घेतली होती, पण त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारीत नसे. तिकीट वकिलांना मिळालं. मालगुजारांनी पक्ष सोडला नाही, दिवाणखान्यातल्या पुढाऱ्यांच्या तसबिरीही काढल्या नाहीत, फक्त आपला पुतण्या अपक्ष म्हणून उभा केला.

दोघांनाही जमालभाई हवे होते. एकाच दिवशी सकाळी वकिलांच्या सभेची डोंडी आणि दुपारी पुतण्याच्या. वकिलांची माणसं रुसली. "आपला मानूस असून त्यायची देता?"

"मी कोनाचा मानूस नाई. मी डोंडीवाला हावो."

पुतण्याची माणसंही खूश नव्हती. वकिलांच्या नावाला जमालभाईंनी हेल जास्त दिला अशी त्यांची खात्री होती. मी दोन्ही डोंड्या ऐकल्या होत्या. हेल अगदी सारखा होता.

अशात ठाण्यात नवा ठाणेदार आला. नव्या राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून बदलून आलेला, तरुण, कमी बोलणारा. त्याला आमची बोली नीट कळत नव्हती आणि अमरावतीची भानगड तर मुळीच माहीत नव्हती. वरून हुकूम आला होता, त्याप्रमाणे त्यानं डोंडीचा मजकूर कचेरीत पाठवला. पाकिस्तानातून आलेल्या व परवान्याची मुदत संपलेल्या सर्व इसमांनी आठ दिवसांत ठाण्यात हजर व्हावे, कसूर करणाऱ्यास देशाबाहेर पाठविण्यात येईल.

मी तो कागद हातात धरून बसलो. जमालभाई समोर उभे होते, हात कानावर.

"हे शिपायाला देऊ या," मी म्हणालो.

"काऊन? थाळी कोनापाशी हाये?"

मी वाचलं. भराभर, कागदावरून डोळे न उचलता.

"अजून एक डाव वाचा," ते म्हणाले. "पह्यला नीट आयकू नाई आला."

त्या दिवशी मी त्यांच्या मागे मागे चालत गेलो. बाजारात डोंडी झाली. हनुमान चौकात झाली, तिथं पानवाल्याचा हात चुन्याच्या डबीतच राहिला. सोनारआळीत बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. वस्तीत म्हातारी माणसं उठून उभी राहिली. कुठंही आवाज खाली आला नाही, एक शब्द गळला नाही. शेवटी मशिदीपाशी झाली. मग ते भिंतीकडे वळले आणि सगळा मजकूर तिलाही सांगितला, देशाबाहेर पाठविण्यात येईल इथपर्यंत. पलीकडून काय उत्तर आलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

आठ दिवस झाले. ठाण्यात कुणी हजर झालं नाही. ठाणेदारानं चौकशी सुरू केली. पानवाल्याला विचारलं, अमरावती. सोनारआळीत विचारलं, अमरावती. मंदिराच्या पुजाऱ्यानं तर बहिणीच्या घराचं वर्णनही केलं. वकील आणि मालगुजार एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, पण मालगुजारांनीही ठाणेदाराला चहा पाजून हेच सांगितलं, "तो होय? तो अमरावतीले गेलता." ठाणेदार खुळा नव्हता. त्याला कळत होतं. पण साक्ष कुणी देत नव्हतं, आणि मला वाटतं त्यालाही ती नको होती. तो पुन्हा निवडणुकीच्या बंदोबस्ताला लागला आणि गावानं श्वास सोडला.

मग पुतण्याची पोरं बोलायला लागली. वकील आपल्यांना सोडून परक्यांना पोसतो, वकिलाचं तोंडच परक्याचं आहे, असं चौकाचौकात सुरू झालं. नाव त्यांनीही घेतलं नाही. कराची हा शब्दही त्यांच्या तोंडून आला नाही. एवढी गावाची मर्यादा त्यांनीसुद्धा पाळली.

वकीलसाहेबांना ते झोंबलं. मतदानाच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला त्यांची सभा होती. माणूस मावत नव्हता. जमालभाई डोंडी आटपून नेहमीसारखे मंचाच्या कडेला उभे होते. वकीलसाहेबांनी त्यांना हाताला धरून वर ओढलं आणि खांद्यावर हात टाकून बोलायला लागले.

"माझे विरोधक विचारतात, हा माणूस कोण? आज मी सांगतो. हा माणूस कराचीला गेला होता. होय, कराचीला. तिथं याची मुलगी आहे, नातू आहे, सगळं आहे. ते सगळं टाकून हा परत आला. परवान्याची मुदत संपली, तरी हा गेला नाही. कशासाठी? या मातीसाठी! याला परका म्हणणाऱ्यांनी आधी याच्याएवढं प्रेम या गावावर करून दाखवावं."

टाळ्या अशा पडल्या की झाडावरचे कावळे उठले. वस्तीनं वाजवल्या, सोनारआळीनं वाजवल्या, पुतण्याच्या पोरांनीही वाजवल्या. लोकांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं पोटात धरलेलं कुणीतरी इतकं सुंदर करून सांगितलं, याचंच सगळ्यांना भरतं आलं होतं. मंचावर जमालभाई डोळे मिटून उभे होते, डावा हात कानावर. माझ्यासमोर मजकूर ऐकताना उभे राहायचे तसे.

मंचाखाली ठाणेदार वर्दीत उभा होता. त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि कुणाकडेही पाहिलं नाही. रामाजी हवालदारांनी मान खाली घातली. टाळ्या वाजवता वाजवता हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं. आधी पुढच्या रांगा थांबल्या, मग मागच्या.

वकीलसाहेबांना ते दिसलं नाही. खाली उतरताना त्यांनी जमालभाईंना मिठी मारली. "आता तुम्हाले कोणी हात लावत नाही, जमालभाई. साऱ्या गावानं ऐकलं."

"हो, साहेब," जमालभाई म्हणाले. "साऱ्या गावानं आयकलं."

वकीलसाहेब निवडून आले. निकालानंतर ठाणेदार माझ्याकडे कचेरीत आला. कशाला आला ते मला अजून कळत नाही, बहुधा त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं.

"इतके दिवस मी अमरावती ऐकत होतो," तो म्हणाला. "तीच मी वर लिहून पाठवलीही होती. आता मंचावरून ते बोलले, बाजारभर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी समोर उभा होतो. मला ऐकू आलं नाही, असं मी कुणाला सांगू?"

त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी आजवर मनात नीट येऊ दिलेला नाही.

विजयाच्या मिरवणुकीत वकील आणि मालगुजार एकाच बंडीत बसले होते, दोघांचीही तोंडं गुलालानं ओळखू येत नव्हती. पक्ष पुन्हा एक झाला होता. त्या मिरवणुकीची डोंडी जमालभाईंनीच दिली, सगळ्या जागी, तोच हेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी थाळी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"सरकारी चीज हाये," म्हणाले. "नव्या मानसाले देजा. चीर हाये ते सांगजा त्याले, नाई तं मले शिव्या देईन."

वकीलसाहेबांवर मी बराच काळ राग धरून होतो. पण ते वाईट नव्हते, हीच सगळी अडचण आहे. मुंबईला जाऊन त्यांनी खरंच खेटे घातले, मंत्र्यांना भेटले, अर्ज केले. तोवर माणूस सरहद्दीपलीकडे गेला होता. बऱ्याच वर्षांनी ते एका बाजाराच्या दिवशी मला भेटले. थकले होते. मंच जिथं होता तिकडे पाहत म्हणाले, "मी चांगलं बोललो होतो ना रे?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. इतकं चांगलं भाषण त्या गावात पुन्हा झालं नाही.

थाळी कचेरीच्या भिंतीवर टांगली गेली, कारण नवा माणूस मिळालाच नाही आणि लवकरच भोंग्याची मोटार आली. मोटारीला चौक लागत नाही, ती चालता चालता बोलते. ती बोलून गेली तरी लोक घटकाभर वाट पाहिल्यासारखे उभे राहायचे. पुढे कचेरीत आलेल्या एका नवीन साहेबानं थाळी पाहून शिपायाला विचारलं, ही कुणाची. शिपाई म्हणाला, "जमालभाईची. ते अमरावतीले गेले." मी चष्मा काढून पुसत बसलो. गावानं पुन्हा तेच वाक्य धरलं होतं. बाया म्हणायच्या, म्हातारे म्हणायचे, ज्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं ती पोरंही म्हणायची. जमालभाईंची खबर कधी आली नाही. मुलीपर्यंत पोचले की नाही, तेही कळलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फाल्गुनातल्या एका सकाळी. नाल्याकाठचे पळस फुलले होते. रामाजी हवालदार त्यांना वर्ध्याच्या मोटारीवर घालून पुढे सरहद्दीकडे नेणार होते. हाताला दोरी नव्हती. काखेत एक गाठोडं, अंगात पालिकेचा खाकी सदरा. तो परत घ्यायचं मला सुचलं नाही आणि त्यांनाही सुचलं नसावं. ठाण्यापासून मोटारस्टँड समोर दिसतो. रामाजींनी तो रस्ता घेतला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते वळले आणि कचेरीसमोर आले, आणि मग मी पाहिलं की ते डोंडीच्या रस्त्यानं चालले आहेत.

कचेरीसमोर जमालभाई थांबले. गाठोडं खाली ठेवलं, डोळे मिटले, कानावर हात धरला. एक डोंडी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते उभे राहिले आणि पुढे निघाले. बाजारात तेच केलं. दुकानदार खाली उतरून उभे राहिले. हनुमान चौकात, सोनारआळीत, वस्तीत, जिनिंगच्या फाटकापाशी, सगळीकडे तेच. आवाज कुठंच नाही. ज्यानं कधीकाळी ढेकूळ मारलं होतं तो चौकात तोंडावर दुपट्टा धरून उभा होता. गाव ऐकत होतं, आणि ऐकायला काही नव्हतं.

मी आडवाटेनं माझ्या दारात येऊन उभा राहिलो. मशिदीपाशी ते गावाकडे तोंड करून थांबले, तसेच गप्प. मग भिंतीकडे वळले. तिथंही गप्पच राहतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी घसा खाकरला.

"ऐका हो ऐका," ते हळू म्हणाले. मग थोडे थांबले. "हमीदा, मी अमरावतीले जाऊन राह्यलो. बहिनीकडं. येतो."

रामाजी हवालदार दुसरीकडे पाहत होते. जमालभाईंनी वाकून गाठोडं उचललं, आणि दोघं मोटारीच्या रस्त्याला लागले.